भिंतीतली तिजोरी घेताना आधी भिंत बघा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, फर्निचरचं काम चालू आहे आणि सुतार म्हणतोय की वॉर्डरोबच्या मागे भिंतीत एक तिजोरी बसवून टाकू. आत पंधरा-वीस तोळे सोनं, घराची कागदपत्रं, थोडी रोकड ठेवायची आहे. ऑनलाइन एक तिजोरी पसंत पडली आहे. ती ४०० मिमी रुंद, ३०० उंच, २०० खोल आणि १२ किलो वजनाची आहे, बोटाच्या ठशाने उघडते आणि तिच्यावर ‘फायरप्रूफ’ असं ठळक लिहिलंय. ती कितपत भक्कम आहे आणि ते ओळखायचं कसं?

मी तिजोऱ्या बसवतो, आणि त्याहून जास्त वेळा अडकलेल्या तिजोऱ्या उघडून देतो. उघडणाऱ्याला तिजोरी आतून दिसते, म्हणून माझं मत जाहिरातीपेक्षा थोडं कडू असणार. तिजोरीचं मॉडेल नंतर बघू. आधी तुमची भिंत कशाची आहे ते बघा.

भिंतीतली तिजोरी दुकानात पूर्ण तयार झालेली नसते. दरवाजा आणि चौकट कंपनी देते, उरलेल्या पाच बाजू तुमच्या भिंतीने द्यायच्या असतात. म्हणूनच या तिजोऱ्यांचं अंग मुद्दाम पातळ ठेवतात, दोन-तीन मिमी पत्र्याचं. भोवती काँक्रीट असणार हे त्यात गृहीत धरलेलं असतं. ईएन ११४३-१ या युरोपियन मानकात भिंतीत किंवा जमिनीत गाडायच्या तिजोऱ्यांची चाचणी घेतात तीही त्यांना काँक्रीटमध्ये बसवूनच. तीच तिजोरी कच्च्या भिंतीत बसवली, तर पुढून भारी दरवाजा आणि मागून पत्र्याचा डबा एवढंच तुमच्या हाती लागतं. चोर काही दरवाजा फोडायला बांधील नसतो.

यूट्यूबवर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिकेतले. तिथल्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्याच्या असतात. दर १६ इंचांवर एक उभी फळी, दोन फळ्यांमध्ये साडेचौदा इंचांची पोकळी आणि वरून जिप्सम बोर्ड. बोर्ड कापायचा, तिजोरी पोकळीत सरकवायची, बाजूच्या फळ्यांना चार स्क्रू मारायचे, की झालं. तिथेही हा प्रकार मुख्यतः पाहुण्यांच्या आणि नोकराचाकरांच्या नजरेपासून लपवण्याचा आहे. ते बघून आपल्याकडे सुतार छन्नी उचलतो, तेव्हा भिंतीत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. वॉर्डरोबच्या मागे जिथे कुणाला दिसणार नाही तिथे ६ मिमीचं एक भोक पाडा आणि भुकटी बघा. लाल भुकटी आली तर भाजलेली वीट. पांढरट, पिठासारखी हलकी भुकटी आली आणि ड्रिल न दाबताच आत गेलं, तर एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचा ठोकळा. करडी भुकटी आणि ड्रिल रडायला लागलं, तर काँक्रीट.

विटेची भिंत असेल तर जाडी मोजा. नऊ इंची म्हणजे २३० मिमी, दोन्हीकडचं प्लास्टर धरून साधारण २६०. साडेचार इंची म्हणजे ११५ मिमी, प्लास्टरसह १४०-१४५. फ्लॅटमधल्या आतल्या भिंती बहुधा दुसऱ्या प्रकारच्या असतात. तुमची तिजोरी २०० मिमी खोल आहे, म्हणजे ती अशा भिंतीत मावतच नाही. मग सुतार काय करतो? अर्धी भिंतीत, अर्धी वॉर्डरोबमध्ये अशी बसवतो आणि भोवती प्लायची चौकट ठोकतो. बघायला छान दिसतं, पण ती तिजोरी प्लायमध्ये आहे, भिंतीत नाही. कटावणीचं टोक मागे सरकवायला जागा मिळाली की १८ मिमीचा प्लाय किती टिकतो ते सुतारालाच विचारा.

नऊ इंची वीट असेल तर मात्र ही गोष्ट जमते. २६० मिमीपैकी तिजोरीला दीडशे द्या आणि मागे किमान ५०-६० मिमी काँक्रीट भरायला जागा ठेवा. जुन्या बंगल्यांत आतल्या भिंतीही नऊ इंची असतात. भिंतीतल्या तिजोरीला त्याहून चांगली जागा शहरात मिळणं कठीण. फ्लॅटमध्ये नऊ इंची भिंत असलीच तर ती बाहेरची असते, आणि तिथे पाऊस आडवा येतो. कोकणात आणि मुंबईत तर मी बाहेरच्या भिंतीत तिजोरी बसवायला सरळ नाही म्हणतो. दोन पावसाळे गेले की मागचा पत्रा गंजतो, खरेदीखताच्या कडांना बुरशी धरते आणि कुलपाच्या आतले भाग जाम होतात. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको, तिच्यात पाइप असतात.

एएसी ब्लॉकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमची सोसायटी नवी आहे आणि तुमच्याकडे तेच असण्याची शक्यता मोठी. हे ब्लॉक हलके असतात, घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो. काँक्रीट याच्या जवळपास चौपट जड असतं. इमारतीवरचं ओझं कमी होतं, घर थंड राहतं, बिल्डरचं काम झपाट्याने उरकतं. यात वाईट काही नाही. पण गवंडी हे ब्लॉक करवतीने कापतो. साध्या हातकरवतीने. जी भिंत करवतीने कापता येते तिच्यात तिजोरी पुरली, तर भोवतालचं कोरून ती आख्खी बाहेर काढायला फारसा आवाजही होत नाही. नेहमीचे लोखंडी फुगणारे अँकर बोल्टही एएसीत नीट धरत नाहीत. आवळायला गेलं की भोवतीचा ब्लॉक चुरतो आणि बोल्ट नुसता फिरत राहतो.

तिसरा प्रकार ॲल्युमिनियम शटरिंगच्या इमारतींचा, ज्याला सगळे ‘मिवान’ म्हणतात. तिथे भिंतीच काँक्रीटच्या आणि आत सळया. भक्कम आहेत म्हणून हुरळून जाऊ नका, कारण त्या कापायच्याच नसतात. भिंत स्वतःच इमारतीचा भार घेत असते. सोसायटीच्या नियमांत बहुधा तसं लिहिलेलंही असतं, आणि नसलं तरी कापू नका. कॉलम आणि बीमलाही हेच लागू. मुंबईतल्या जुन्या चाळी, पुण्यातल्या पेठांतली भारवाहू भिंतींची घरं, इथे दोन विटा काढायच्या आधीही स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे? हे फार थोडे लोक विचारतात. पलीकडे जिना, लिफ्टची लॉबी, पाइपचा डक्ट किंवा शेजारचा रिकामा फ्लॅट असेल, तर तिजोरीपर्यंत यायला तुमच्या दारातून यायची गरजच उरत नाही. डक्ट सगळ्यांत वाईट, तिथे काम करणारा कुणाला दिसत नाही.

वास्तूबद्दलही नेहमी विचारतात. तिजोरी दक्षिणेच्या भिंतीला, तोंड उत्तरेला, कुबेराच्या दिशेला. माझी हरकत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. एवढंच लक्षात ठेवा की हे चोरालाही माहीत असतं. दक्षिणेची भिंत डक्टला लागून असेल तर मात्र मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो.

आता तिजोरीकडे येऊ. दुकानात मिमी सांगतात, आणि मिमी डोळ्यांनी कळत नाहीत, कारण कडा दुमडून जाड दाखवलेल्या असतात. वजन मात्र लपत नाही. एक चौरस मीटर पोलादी पत्रा, एक मिमी जाड, म्हणजे ७.८५ किलो. हा एक आकडा पाठ ठेवला की जाहिरात तपासता येते.

तुमच्याच तिजोरीचा हिशेब करू. वरची-खालची बाजू मिळून ०.१६ चौरस मीटर, डावी-उजवी ०.१२, पाठ ०.१२. एकूण ०.४०. पत्रा २ मिमी धरला तर ६.३ किलो. दरवाजा ०.१२ चौरस मीटर, ४ मिमी धरला तर ३.८ किलो. झाले १० किलो. कुलूप, बोल्ट, बिजागऱ्या, आतला कप्पा यांचे दोनेक किलो धरा. बरोबर १२. म्हणजे ही तिजोरी २ मिमी अंग आणि ४ मिमी दरवाजा यापलीकडे असू शकत नाही. जाहिरातीत ३ आणि ६ लिहिलं असेल तर वजन १७ किलोच्या आसपास यायला हवं होतं.

आणि याच हिशेबात ‘फायरप्रूफ’चाही निकाल लागतो. आगीपासून कागद वाचवायचे तर दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा भराव लागतो. एवढ्या पेटीला सगळीकडून २५ मिमीचा थर द्यायचा म्हटलं तर किमान दहा-बारा किलो आणखी चढतील. तुमचे बाराच्या बारा किलो पत्र्यातच संपले. मग भराव कुठे आहे? कुठेच नाही. पत्रा जळत नाही, तेवढ्या अर्थाने ती फायरप्रूफ आहे. आतला कागद जळतो.

आगीचं उरलेलं इथेच सांगून टाकतो. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित भट्टीचं तापमान तासाभरात ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. यूएल या अमेरिकन चाचणी संस्थेच्या कागदपत्रांच्या वर्गात आतलं तापमान १७७ अंशांच्या खाली राहावं लागतं. पेनड्राइव्ह, हार्ड डिस्कसाठी मर्यादा आणखी खाली, ५२ अंशांच्या आसपास. सोनं १०६४ अंशांना वितळतं, त्यामुळे घरातल्या आगीत ते काळवंडलं, वाकडं झालं तरी बहुधा सोनंच राहतं. मोत्यांचं तसं नाही. म्हणून आगीचा विचार करायचा तो कागदांसाठी, आणि त्यासाठी किती मिनिटं, कोणत्या मानकाप्रमाणे, हे छापलेलं लेबल मागा. नुसता ज्वाळेचा स्टिकर म्हणजे काही नाही. भराव असलेल्या तिजोरीत पाणी धरून ठेवणारं मिश्रण असतं, त्यामुळे आत दमटपणा राहतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून दार उघडून हवा लागू द्या.

दरवाजा बघताना जाडीपेक्षा बसण्याकडे जास्त लक्ष द्या. दार बंद करून चौकटीभोवतीची फट बघा. चारी बाजूंनी सारखी आणि बारीक हवी, मिमी-दीड मिमीची. एका कोपऱ्यात जास्त दिसली तर तिथेच कटावणी शिरणार. दार चौकटीच्या थोडं आत बसलेलं असावं, म्हणजे कडेला पकड मिळत नाही. मग दार उघडं ठेवून हँडल फिरवा, बोल्ट बाहेर येतील. ते अंगठ्याने जोर लावून आत ढकलून बघा. कुलूप लागलेल्या अवस्थेत ते हलता कामा नयेत. बोल्ट २० मिमीचे दिसतात, पण कधी कधी ती पोकळ नळी असते आणि तिला पुढून टोपी बसवलेली असते. नाण्याने वाजवून बघा, भरीव आणि पोकळ यांचा आवाज लगेच वेगळा कळतो.

बिजागरीवरून बराच गैरसमज आहे. बिजागरी बाहेर दिसते म्हणून तिजोरी वाईट, असं काही नाही. प्रश्न एवढाच की बिजागरी कापली तर दार निघतं का. बिजागरीच्या बाजूला दाराच्या आतून स्थिर खुंट्या किंवा अखंड पट्टी असेल आणि ती चौकटीच्या मागे अडकत असेल, तर बिजागरी कापून काही मिळत नाही. ही पट्टी नसेल तर पुढे बघूच नका.

आता कुलूप, स्वस्त तिजोऱ्या इथेच मार खातात. दरवाजा कितीही जाड असो, बोल्टला अडवून धरणारा भाग बोटाएवढा असेल तर सगळी ताकद तेवढीच. स्वस्त इलेक्ट्रॉनिक तिजोऱ्यांत हे काम सोलेनॉइड करतो. तो एक स्प्रिंगवरचा बारीक खिळा असतो, वीज मिळाली की मागे सरकतो. जोरात दणका बसला की काही तिजोऱ्यांत तो विजेशिवायही क्षणभर सरकतो, आणि त्याच क्षणी हँडल फिरलं तर दार उघडतं. चांगल्या कुलपात छोटी मोटर आणि गिअर असतात, ते दणक्याने फिरत नाहीत. ओळखायला कान पुरे आहेत. नंबर दाबल्यावर ‘टक्’ असा एकच आवाज आला तर बहुधा सोलेनॉइड, ‘घर्र’ असा आवाज आला तर मोटर. दुकानदाराला दार बंद करून वरून, बाजूने मुठीने ठोकत हँडल फिरवायला सांगा. तो नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

दुसरी कमजोर जागा म्हणजे आणीबाणीची चावी. की-पॅडशेजारच्या झाकणाखाली चावीचं भोक असतं. गिऱ्हाईक ठशाच्या सेन्सरवर भाळतं आणि त्या चावीकडे बघतही नाही. ती चावी खेळण्यातल्या पेटीची वाटत असेल, तर सेन्सर कितीही महागडा असला तरी तिजोरी त्या चावीइतकीच सुरक्षित. दोन सारख्या मॉडेलच्या चाव्या अदलाबदल करून बघा. एकीची दुसरीला लागली, तर दुकानातून बाहेर पडा.

बोटाच्या ठशाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तरुण माणसाला ठीक आहे. आजींची बोटं भांडी घासून, भाज्या चिरून झिजलेली असतात, थंडीत कातडी सुकते, सेन्सर ओळखत नाही, मग त्या चिडतात आणि शेवटी चावी कुलपालाच लटकवून ठेवतात. घरात वडीलधारी माणसं तिजोरी वापरणार असतील तर नंबर किंवा चांगलं लिव्हरचं कुलूप घ्या. दोन्हीकडे दाते असलेली लांब चावी, सहा-सात किंवा अधिक लिव्हर, हे जुनं तंत्र बॅटरीवर चालत नाही आणि त्याची मला अजून खात्री वाटते. डिजिटल घेणार असाल तर पहिल्याच दिवशी कारखान्याचा नंबर बदला, आणि मास्टर कोड वेगळा असेल तर तोही. लोक वापरायचा नंबर बदलतात आणि मास्टर तसाच ठेवतात. तो माहितीपत्रकात छापलेला असतो आणि माहितीपत्रक इंटरनेटवर असतं. लग्नाचं साल, गाडीचा नंबर नको. अल्कलाइन सेल टाका आणि बाहेरून वीज द्यायची सोय आहे का बघा. ९ व्होल्टच्या बॅटरीसाठी पुढे दोन टोकं असतात किंवा बाहेर सेलचा डबा असतो. मला बोलावणं येतं ते बरेचदा चोरीमुळे नाही, सेल मेल्यामुळे. आणीबाणीची चावी कुठे असते? तिजोरीच्या आत.

शिक्के कोणते बघायचे? आपल्याकडे तिजोऱ्यांचं भारतीय मानक आयएस ५५० आहे. आयएसआयचा शिक्का असेल तर त्यासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा की खोटा ते दोन मिनिटांत कळतं. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अनेक हलक्या पेट्यांवर असलं काही दिसत नाही. युरोपियन तिजोरीवर ईएन ११४३-१ आणि ग्रेड ०, I, II असं लिहिलेलं असतं. ग्रेड जसा चढतो तसा फोडायला लागणारा वेळ आणि हत्यारांचा दर्जा चढतो. ईएन १४४५०, एस१ किंवा एस२, ही त्याखालची पायरी, घराला पुष्कळ. अमेरिकेत यूएलचा आरएससी हा घरगुती वर्ग आहे. त्याच्या मूळ पातळीला एक माणूस साध्या हत्यारांनी पाच मिनिटं झटतो, तेवढ्यात उघडली नाही तर पास. पाच मिनिटं ऐकून निराश होऊ नका; ती निव्वळ काम करण्याची पाच मिनिटं आहेत, तीही तिजोरीची रचना आधीच माहीत असलेल्या माणसाची. वर्तमानपत्रात रोज वाचतो तसा कडी-कोयंडा उचकटून आत आलेला माणूस अंधारात, घाईत, शेजारच्या दाराकडे कान लावून काम करत असतो. तुम्ही जे विकत घेता ते मिनिटं आणि आवाज. या जगात न फुटणारी तिजोरी नाही. ग्रॅनाइट कापणारा ग्राइंडर हल्ली बॅटरीवर चालतो.

बसवण्याचं काम सुताराचं नाही, गवंड्याचं आहे. नऊ इंची विटेत बसवायची असेल तर खाच तिजोरीपेक्षा चारही बाजूंनी ५०-७५ मिमी मोठी पाडा आणि तीही हलक्या हाताने. ब्रेकर लावला तर भिंत मागून फुगते, प्लास्टर पडतं. तिजोरीच्या अंगाला बाहेरून होल्डफास्ट हवेत, दाराच्या चौकटीला असतात तसेच, टोकाला फाटे फुटलेले. ते वेल्ड करायचे तर कुलूप काढून, खाचेत बसवायच्या आधी करा, नाहीतर पातळ पत्रा तापून वाकतो. भोवती ८ मिमीच्या सळयांचं एक कडं आणि एम२० दर्जाचं, बारीक खडीचं काँक्रीट. नुसता सिमेंट-वाळूचा माल थापायचा नाही. आणि हे गवंड्याला आधीच बजावा: भरताना तिजोरीच्या आत लाकडाचे आडवे-उभे टेकू लावायचे. ओल्या काँक्रीटच्या दाबाने अंग आत दबतं, चौकट दीड-दोन मिमी वाकते आणि महिन्याभराने दार घासायला लागतं. भरून झाल्यावर दार उघडझाप करून बघा, पण कुलूप लावू नका. सात दिवस पाणी मारा. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांनी येते, तोवर आत किमती काही ठेवायची घाई नको.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटलं असेल की एएसीच्या फ्लॅटमध्ये हा खटाटोप कशाला. मलाही तेच वाटतं. तुमच्यासाठी माझा सल्ला असा, की भिंतीतली तिजोरी सोडून द्या आणि वॉर्डरोबच्या तळाशी उभी तिजोरी घ्या, स्लॅबला बोल्टने आवळलेली. तुमच्या घरातली सर्वांत भक्कम गोष्ट पायाखाली आहे; भिंतीच्या मागे कशाला लागता? अंग ३ मिमीच्या वर, दरवाजा ८-१० मिमीचा, वजन ४०-५० किलो असं काहीतरी बघा. बजेट ताणता येत असेल तर ताणा, दोन गाद्या कमी घ्या.

यातही एक गोम आहे. फ्लॅटची फरशी स्लॅबवर थेट बसलेली नसते, मधे ५० ते ७५ मिमीचा वाळू-सिमेंटचा थर असतो. तिजोरीसोबत पुडीत येणारे अँकर बोल्ट साधारण तेवढ्याच लांबीचे. म्हणजे तुम्ही तिजोरी आवळता ती फरशीला आणि वाळूला. आवळताना घट्ट वाटते, पण कटावणीने उचकटली की फरशीसकट वर येते. एम१२ चे, म्हणजे १२ मिमी जाडीचे, लांब बोल्ट आणा, किंवा सळई आणि केमिकल अँकर (सळई भोकात घट्ट चिकटवणारं रसायन) वापरा, आणि स्लॅबच्या काँक्रीटमध्ये किमान ७० मिमी तरी जाऊ द्या. स्लॅब पाच इंचांच्या आसपास असतो, त्यामुळे आरपार जाऊन खालच्या शेजाऱ्याच्या पंख्याशेजारी ड्रिल निघणार नाही इतकी खूण ड्रिलवर चिकटपट्टीने करून ठेवा. स्लॅबमधून विजेचे पाइप जातात, बिल्डरकडून नकाशा मिळाला तर उत्तम. चार भोकं असतील तर चारही मारा. भोकं आतून, दार बंद झाल्यावर हात पोचणार नाही अशी असतात, हेच त्यातलं शहाणपण. युरोपियन मानकातही हजार किलोंच्या आतल्या उभ्या तिजोरीला बोल्टची सोय असणं सक्तीचं आहे, मग ५० किलोची तिजोरी मोकळी ठेवणं म्हणजे दोन माणसांना उचलून न्यायला दिलेलं आमंत्रण.

एक मोह टाळा. पेठेतल्या एखाद्या सराफाची जुनी, दोन-तीन मजुरांना न हलणारी तिजोरी स्वस्तात मिळते म्हणून लोक घेऊन येतात. तिजोरी उत्तम असते, पण घराच्या स्लॅबचा हिशेब चौरस मीटरला २०० किलो भार धरून केलेला असतो. तीन-चारशे किलो एका कोपऱ्यात ठेवायचे तर बीमलगत, आणि इंजिनीअरला विचारूनच.

राहिला विमा, त्याची एक अट तिजोरीच्या दर्जाइतकीच महत्त्वाची आहे. घरफोडीच्या पॉलिसीत नेहमी लिहिलेलं असतं की तिजोरी तिच्याच चावीने किंवा नकली चावीने उघडून चोरी झाली तर भरपाई नाही, चावी मारहाण करून किंवा धमकावून घेतली असेल तरच मिळेल. आणि आपल्याकडे चाव्या असतात कुठे, तर गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली, आणि कपाटाची चावी कपाटावर. एक चावी घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. दुसरी तुमच्याजवळ.

रोज न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्येच बरे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत धरली आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. पंधरा-वीस तोळ्यांना ते पुरत नाही, म्हणून दागिन्यांचा वेगळा विमा तिथेही लागतोच. सणासुदीला, लग्नसराईत चार दिवस घरी आणलेलं सोनं आणि रोजचं मंगळसूत्र, बांगड्या, एवढ्यासाठी घरची तिजोरी. खरेदीखत मूळ प्रत बँकेत, घरी झेरॉक्स.

सुताराला तिजोरीचं माप द्या, पण ती वॉर्डरोब पूर्ण होऊन सगळे कामगार निघून गेल्यावर आणा आणि बसवणाऱ्याला वेगळं बोलवा. तळाचा प्लाय तेवढ्या जागेत कापून घ्या, तिजोरी थेट फरशीवर बसली पाहिजे. मधे प्लाय राहिला तर बोल्ट आवळल्यावर तो दबतो आणि सहा महिन्यांत ढिला होतो. बिल, तिजोरीचा अनुक्रमांक आणि दागिन्यांचे वजनासकट फोटो मोबाइलव्यतिरिक्त आणखी एका ठिकाणी ठेवा. फक्त त्याच तिजोरीत नको.